गटाराच्या परीक्षेत ताक नापास

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीत तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, एक कागद चिकटवलेला असतो. 'बेसिनमध्ये खरकटं, केस, चहाचा चोथा व इतर वस्तू टाकू नयेत. हुकमावरून.' कागदाचा एक कोपरा सुटलेला असतो आणि 'हुकमावरून' हा शब्द कुणीतरी पेन्सिलीने खोडलेला असतो. सूचना वाचणारा प्रत्येक सभासद मान डोलावतो, कारण ती शेजाऱ्यासाठी लिहिली आहे अशी त्याची खात्री असते. पाणी खाली वाहतं हे वरच्या मजल्यावरच्यांना पक्कं ठाऊक असतं. तुंबलं की ते वर येतं आणि वर येताना पहिली भेट तळमजल्याला देतं, हे फक्त तळमजल्यावरच्यांना ठाऊक असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेतली निम्मी भांडणं या दोन भौतिक सत्यांमधली असतात.

या कागदातला खरा घोळ 'इतर वस्तू' या दोन शब्दांत आहे. सेक्रेटरींनी तिथे हात आखडता घेतला. भारत सरकारने मात्र घेतला नाही. पर्यावरण संरक्षण नियमांत 1993 साली एक तक्ता जोडला गेला. कारखान्यांनी सांडपाणी कुठे सोडताना ते कसं असावं, याचा हा तक्ता. त्यात चार रकाने आहेत: नदी-तलाव, सार्वजनिक मलवाहिनी, सिंचनाची जमीन आणि समुद्रकिनारा. खाली मापांची रांग. सामू (pH) 5.5 ते 9 च्या दरम्यान. तरंगणारे घनकण मलवाहिनीसाठी लिटरला 600 मिलिग्रॅमपर्यंत. तेल आणि ग्रीस 20 मिलिग्रॅम. शिसं 1 मिलिग्रॅम, सायनाइड 2. जैविक प्राणवायूची मागणी, म्हणजे तो माल पचवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल ते माप, लिटरला 350 मिलिग्रॅम.

हा तक्ता घरगुती मोरीला लागू नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांना आज संध्याकाळीच टाळं ठोकावं लागेल. कारण या तक्त्याची पट्टी घेऊन कुणी ओट्याजवळ उभं राहिलं, तर पहिल्याच फेरीत ताक नापास होतं.

ताकाचा सामू असतो साडेचारच्या आसपास. गटाराची किमान पात्रता साडेपाच. पंचपक्वान्नांच्या पंगतीत शेवटी मानाने येणारं, पोटाला थंडावा देणारं ताक गटाराच्या दाराशी 'फार आंबट' म्हणून अडवलं जाईल. लिंबाचा रस दोनच्या आसपास, म्हणजे त्याला प्रवेशअर्जसुद्धा मिळणार नाही. संडास साफ करायचं अॅसिड तर त्याच्याही खाली. दुसऱ्या टोकाला कपडे धुण्याचा सोडा, जो नऊची मर्यादा सहज ओलांडतो. आता एखाद्या घरी रविवारी सकाळी धुणं आणि दुपारी ताक, असा बेत असेल, तर दोघांची बेरीज होऊन नियमात बसण्याची शक्यता आहे. पण कायदा असल्या तडजोडीवर विश्वास ठेवत नाही.

ताकाची ही गत, तर दुधाची काय असेल? दूध हा सात्त्विक आहार, हे माणसाचं मत. जंतूंचं मतही तेच आहे आणि घोटाळा तिथेच होतो. दुधाची प्राणवायूची मागणी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात जाते. शहराच्या मैलापाण्याची साधारण दोनशे ते चारशे. म्हणजे या एका मापावर दूध हे मैल्यापेक्षा काहीशे पटींनी 'घाण' ठरतं. नासलेलं पेलाभर दूध नियमात बसवायचं, तर त्यावर साठेक लिटर स्वच्छ पाणी ओतावं लागेल. 1 जून 2017 रोजी पुणतांबा गावाच्या हाकेवरून शेतकरी संपावर गेले आणि जागोजागी दूध रस्त्यावर ओतलं गेलं. ज्या दुधाला बाजारात भाव मिळत नव्हता, त्याची किंमत गटाराने लाखात केली असती. पण गटाराच्या हिशेबात आकडा जेवढा मोठा, तेवढी पत कमी.

आणि मग तेल. मराठी स्वयंपाक फोडणीने सुरू होतो आणि कढई घासण्याने संपतो. फोडणीचं एक चमचा तेल, म्हणजे पाच मिलिलिटर, वजनाने साडेचार ग्रॅमच्या वर भरतं. लिटरला 20 मिलिग्रॅम या हिशेबाने ते सभ्य करायला सुमारे 230 लिटर पाणी लागेल: पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या. शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे एका चमचा तेलाचं पाप धुवायला घरातल्या दोघांनी दिवसभर आंघोळ, चहा आणि बाकी सगळं सोडून द्यायचं. दिवाळीत चकल्या तळून उरलेलं अर्धा लिटर काळं तेल मोरीत ओतलं, तर हिशेब तेवीस हजार लिटरवर जातो. दहा हजार लिटरचे दोन टँकर रिकामे करूनही काकूंना तिसरा मागवावा लागेल. टँकरवाला फोन उचलणार नाही, ही गोष्ट वेगळी.

तक्त्यातली सगळ्यात लोभस ओळ मात्र माशांची आहे. सांडपाण्यात काहीही न मिसळता, निखळ शंभर टक्के सांडपाण्यात मासे सोडायचे. 96 तासांनी मोजायचे. नव्वद टक्के जिवंत असले पाहिजेत. दहातला एक मासा कायद्याने गृहीत धरून सोडून दिला आहे. त्याच्या घरच्यांनी कुठे दाद मागावी, याची सोय नियमात नाही. उरलेल्या नऊ जणांनी चार दिवस तग धरायचा. माणसाच्या संसारात चार दिवस सासूचे आणि चार दिवस सुनेचे असतात, माशाच्या वाट्याला मात्र चारही दिवस सासूचेच. ही परीक्षा मलवाहिनीत जाणाऱ्या पाण्यालाही आहे. म्हणजे जे पाणी पुढे मैल्यातच मिसळणार, त्यातही मासा राहू शकला पाहिजे. कायदा करणाऱ्यांना माशाविषयी माया होती, यात शंका नाही.

रंग आणि वासाबद्दल मात्र हाच कायदा एकदम हळवा होतो. तिथे आकडा नाही. रंग आणि दुर्गंधी काढून टाकण्याचा जमेल तेवढा सगळा प्रयत्न करावा, एवढंच म्हटलं आहे. 'जमेल तेवढा' या शब्दांत किती मोठा प्रदेश मावतो, हे ज्यांचं घर नाल्याच्या काठी आहे त्यांनी सांगावं.

तक्त्याच्या रकान्यात एक अट अशी आहे की ती वाचून वेदान्त्यालाही आनंद व्हावा. मलवाहिनीसाठी दिलेली सवलतीची मापं तेव्हाच लागू, जेव्हा ती वाहिनी पुढे जैविक प्रक्रिया करणाऱ्या केंद्राला जाते. जात नसेल, तर त्यात सोडलेलं पाणी थेट नदी-तलावात सोडलं असं धरायचं. म्हणजे ज्या गावात गटार परस्पर नदीला मिळतं, तिथे कायद्याच्या नजरेत ते गटार नाहीच, ती नदीच. गावकऱ्यांच्या नजरेत बहुधा उलट झालेलं असतं. नदी आहे, पण ती गटार आहे.

गटारात काय जावं, याविषयी माणसाचं मत कधीच स्थिर नव्हतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर धूळमाती टाकणाऱ्याला पणाचा आठवा हिस्सा दंड आहे आणि चिखलपाणी तुंबवून रस्ता अडवणाऱ्याला पाव पण. राजमार्गावर हेच केलं तर दुप्पट. चिखलाचा दर धुळीच्या दुप्पट ठेवणारा हा माणूस पावसाळ्यात पाटलीपुत्राच्या गल्ल्यांतून पायी हिंडलेला असणार.

लंडनची गोष्ट आणखी मजेदार. तिथली गटारं पावसाच्या पाण्यासाठी होती आणि 1815 पर्यंत घरातली घाण त्यात सोडायला बंदी होती. 1815 मध्ये परवानगी मिळाली. 1848 च्या सुमारास घराघरातले शोषखड्डे बंद करून गटाराला जोडणं सक्तीचं झालं. जे आजोबांना गुन्हा म्हणून शिकवलं, ते मुलाने हक्क म्हणून केलं आणि नातवाला न केल्याबद्दल नोटीस आली. आज्ञाधारक लंडनकरांनी सगळी घाण नियमाप्रमाणे गटारात सोडली, गटारांनी ती नियमाप्रमाणे थेम्समध्ये सोडली आणि 1858 च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या पार्लमेंटच्या पडद्यांना क्लोरिनयुक्त चुन्यात बुडवून टांगायची वेळ आली. वर्षानुवर्षं रेंगाळलेला मलवाहिन्यांचा प्रश्न त्या वासात अडीच-तीन आठवड्यांत मार्गी लागला. जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने मग शहराखाली नवं जाळं विणलं. लोकप्रतिनिधींची सभागृहं नाल्याकाठी बांधावीत, असा कुणी निष्कर्ष काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

गटाराच्या भाषेतही एक गंमत आहे. भारतात प्लंबिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात 'नहाणी ट्रॅप' नावाची वस्तू मिळते. अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही ती याच नावाने छापलेली असते. विद्यार्थी नहाणी नावाचा कुणी युरोपियन शास्त्रज्ञ असावा अशा आदराने ते पाठ करतात. तो शास्त्रज्ञ म्हणजे आपली न्हाणी. तिच्या जाळीखालच्या वाटीत थोडं पाणी कायम साचून राहतं आणि ते पाणीच गटाराचा वास घरात येऊ देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आलेलं कुटुंब दार उघडताच नाकाला रुमाल लावतं, ते ही वाटी सुकल्यामुळे. उपाय एक तांब्या पाणी. पण त्याआधी तीन प्लंबर येऊन गेलेले असतात.

प्लंबर हा गटारविषयक नियमांचा खरा भाष्यकार. मुंबईत मैल्याची वाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. दोन्ही एकमेकींना जोडू नयेत हा नियम. प्लंबरच्या शास्त्रात मात्र वाहिन्यांचे दोनच प्रकार: जवळची आणि लांबची. तो जवळचीला जोडतो. मग पावसाच्या पाण्यासाठी बांधलेल्या नाल्यात मे महिन्याच्या रणरणत्या उन्हातही भरपूर पाणी असतं आणि आभाळात ढग नसताना नाला कसा वाहतो, असा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात. मोठे विचारत नाहीत.

गटाराची तब्येत वेगावर असते. आतलं पाणी सेकंदाला निदान 60 सेंटिमीटर वेगाने वाहिलं तर घाण तळाशी बसत नाही. हा साधारण जेवणानंतर शतपावली घालणाऱ्या आजोबांचा वेग. आजोबा थांबले की गप्पा सुरू होतात, पाणी थांबलं की गाळ. तेल इथेच दगा देतं. ओतताना ते पातळ असतं, म्हणून काकूंचा अंतरात्मा स्वच्छ राहतो. चेंबरपर्यंत पोचता पोचता ते थंड होतं, भिंतीला धरतं, मग शेवया, केस, दात कोरायचे दोरे, सगळ्यांना घरात घेतं आणि पाण्यातल्या क्षारांशी जुळवून घेत दगडासारखं घट्ट होतं.

याची परमावधीही लंडननेच गाठली. सप्टेंबर 2017 मध्ये व्हाइटचॅपल भागाच्या पोटात एक चरबीचा डोंगर सापडला: 250 मीटर लांब, वजन सुमारे 130 टन. तीसेक हत्ती एकामागे एक उभे करावेत तसा. त्यात मुख्य माल स्वयंपाकाचं तेल आणि ओले रुमाल, म्हणजे वेट वाइप्स. या रुमालांच्या पाकिटांवर 'संडासात टाकून फ्लश करता येतं' असं छापलेलं असतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. फ्लश ते होतात, यात खोटं काही नाही. पुढे विरघळत नाहीत, एवढंच. कामगारांनी कित्येक आठवडे खपून तो डोंगर फोडला, काही भागाचं जैवइंधन केलं आणि एक तुकडा 2018 मध्ये लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला गेला. पेटीत त्यातून माश्या जन्मल्या. बघायला रांगा लागल्या. आपल्याच मोरीतला माल घरबसल्या बघता येत असताना तो सोडून लोक तिथे गेले, याला संस्कृती म्हणतात.

पण हे नियम नुसते तुंबण्यापायी झालेले नाहीत. 13 फेब्रुवारी 1981, शुक्रवार. अमेरिकेतलं लुइव्हिल शहर पहाटे झोपेत होतं. तिथल्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यातून हेक्झेन नावाचं द्रावण गटारात गेलं होतं. सोयाबीनमधलं तेल ओढून काढायला ते वापरतात आणि त्याची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. रुग्णालयात कामाला निघालेल्या दोन बायकांची मोटार एका रेल्वेपुलाखालून गेली, ठिणगी पडली आणि तीन किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते खालून फुटून उघडे पडले. नशिबाने कुणी दगावलं नाही. त्या देशाच्या आजच्या नियमांत, 60 अंश सेल्सिअसखाली ज्याची वाफ पेट घेते असं काही गटारात सोडू नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. रंगकाम झाल्यावर उरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतणाऱ्या पेंटरला हे कुणी सांगितलेलं नसतं.

सांडपाण्याचा थेंबही वाया जाऊ न देणारा माणूस भारतात आहे. फक्त तो पर्यावरणासाठी तसं करत नाही. मुंबईच्या झवेरी बाजारातला किंवा कोल्हापूरच्या गुजरीतला सोनार-कारागीर हात धुतो, ते पाणीसुद्धा साठवून ठेवतो, कारण नखांत सोन्याचा कीस असतो. त्यातूनही जे निसटतं ते गटारात शोधायला झारेकरी येतात. पहाटे पेढ्यांसमोरचा केर झाडतात, गटारातला गाळ उपसून पाटीत घोळतात आणि त्यातून कणकण सोनं काढतात. स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मोजलं, तर त्या देशाच्या सांडपाण्यातून वर्षाला 43 किलो सोनं वाहून जात होतं. त्यांना हे कळायला संशोधन करावं लागलं. गुजरीत ते पिढ्यान्‌पिढ्या पाटीत घोळलं जातं.

आता पुन्हा तळमजल्यावर. दिवाळीच्या पाडव्याला चेंबर तुंबतं. ते मुहूर्त चुकवत नाही. मोठ्या संकुलांत स्वतःचं सांडपाणी-प्रक्रिया केंद्र असतं, पण विजेचं बिल वाचावं म्हणून त्याची मोटार अनेकदा विश्रांती घेते आणि तपासणीच्या दिवशी मात्र घरघरू लागते. देखल्या देवा दंडवत. सेक्रेटरी पालिकेला फोन लावतात, फोन लागत नाही आणि कुणीतरी म्हणतं, 'त्या पलीकडच्या वस्तीतल्या माणसाला बोलवा, पाचशे रुपयांत उतरतो.'

इथे हसणं थांबवावं लागतं. तुंबलेल्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणून उतरणारा माणूस सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; आणि ही शिक्षा फक्त पालिकेला किंवा ठेकेदाराला नाही, काम सांगणाऱ्या कुणालाही आहे. त्यात पाचशेची नोट काढणारे सेक्रेटरीही आले. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण माणसं मरायची थांबली नव्हती.

मुंबईच्या 1888 च्या पालिका कायद्यात एका कराचं नाव 'हलालखोर कर' होतं. मैला वाहून नेणाऱ्याला तेव्हा हलालखोर म्हणत. पुढे नाव बदलून 'मलनिःसारण कर' झालं. जुनं नाव गेलं ते बरंच झालं; पण त्या नावात निदान एक माणूस दिसत होता. 1993 च्या तक्त्यात शिसं आहे, सायनाइड आहे, तेल आहे, चार दिवस जगायला हवा असा मासा आहे. त्याच गाळात उतरणाऱ्यासाठी त्यात एकही ओळ नाही.

सोसायटीच्या कागदावर 'हुकमावरून'च्या जागी दोन गोष्टी लिहायला हरकत नाही. तळणीचं तेल गार करून बाटलीत भरावं, कढई घासण्याआधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा. आणि चेंबर तुंबलंच, तर कुणाला आत उतरवू नये. मैलावाहिन्यांची यंत्राने सफाई व्हावी म्हणून केंद्र सरकारने 2020 मध्ये 14420 हा मदतक्रमांक सुरू केला आहे, तो फिरवावा. कागद चिकटवताना चारही कोपरे नीट चिकटवावेत.